मोटर नसलेला फ्रीज

मुखरू उंदिरवाडे कुठलीही बिघडलेली वस्तू हातात घ्यायचा, एकदा हलवून बघायचा आणि तिच्या पोटात काय आहे ते न उघडता सांगायचा. इस्त्री असेल तर खाली बिडाचं ओतीव लोखंड, आत अभ्रक आणि तार. स्टॅबिलायझर असेल तर तांबंच तांबं. रेडिओत तांबं थोडं, पण कथील आणि चुंबक चांगलं. गिझर आरमोरीत फार नव्हते, पण एखादा आलाच तर तो त्याला नुसतं बोटानं वाजवायचा आणि म्हणायचा, "टाकी तांब्याची हाये. मालकाले मालूम नाई."

माझं नाव श्रीहरी. आरमोरीत बाजाराच्या रस्त्यावर माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागच्या मोकळ्या जागेत मुखरूचं टिनाचं छप्पर. मी हात टेकले की तो हातोडा उचलायचा, असं आमचं नातं होतं. माझ्याकडे येऊन मेलेला रेडिओ मागच्या दारानं त्याच्याकडे जायचा.

मुखरूचे वडील हातमागावर लुगडी विणायचे. छप्पनच्या साली दीक्षा घेऊन आले आणि पोराला शाळेत घातलं, पण मुखरूचं डोकं पाटीत रमलं नाही. सोळाव्या वर्षी तो चंद्रपूरला, तेव्हाच्या चांद्याला, एका मोटर वाइंडिंगच्या दुकानात लागला. तिथं अकरा वर्षं त्याचं काम एकच: जळालेल्या मोटरीतून जुनी तार काढायची. एका बाजूनं छन्नीनं कापायची, विस्तवावर शेकायची, सांडशीनं ओढायची. दुकान बंद पडलं तेव्हा तो गावाकडे परतला, मनकर्णाशी लग्न झालं आणि छपराखाली त्यानं आपला धंदा मांडला. तांबं वेगळं, पितळ वेगळं, शिसं वेगळं, जर्मन वेगळं. आमच्याकडे अल्युमिनियमला जर्मन म्हणतात.

ब्याऐंशी साली गडचिरोली जिल्हा झाला. हापिसं आली, हापिसांत पंखे आले आणि विजेचा दाब असा वरखाली होत होता की पंख्यांमागोमाग जळालेले पंखेही आले. मुखरूचे दिवस बरे चालले होते. मनकर्णा त्याच्यासोबत बसून तारेवरचा जळका रोगण खरडायची. तिचा हात त्याच्यापेक्षा हलका होता.

मी जे सांगतोय ते शहाऐंशीच्या उन्हाळ्यातलं.

आलापल्लीच्या पुढं जंगलात एका बांबूच्या ठेकेदाराचा कॅम्प होता. ठेकेदार नागपूरकडचा. त्याचा ठेका संपला आणि कॅम्प उठणार म्हणून सामान निघालं. मोठ्या सामानाचा ट्रक आरमोरीवरूनच वडशाच्या गोदामात जाणार होता. राहिलेलं भंगार काढून टाका, असं मुनीमानं सांगितलं होतं. तिथल्या चौकीदाराचं नाव झिंगू. तो आधी कधीतरी आरमोरीच्या बाजारात मुखरूला भेटला होता आणि चुंबक लावून लोखंड ओळखायचा त्याचा खेळ बघून गेला होता. त्यानं एका ड्रायव्हरच्या हाती निरोप धाडला की इथं एक फ्रीज पडून आहे, मेलेला आहे, घेऊन जा.

निरोप ऐकून मुखरू माझ्या दुकानात आला. आनंदात असला की तो खुर्चीवर बसत नसे, उभ्यानंच बोलायचा.

"श्रीहरीभाऊ, चांद्याले होतो तवा एकच फ्रीज फोडला. मांगं खाली काळं मडकं रायते. त्या मडक्यात मोटर, आनि मोटरीत तांबं. मांगच्या नळ्या बी तांब्याच्याच. असा माल पुन्यांदा हातात आला नाई."

"पण जंगलात वीज कुठं आहे?" मी विचारलं.

"साहेब लोकाइचं काय, जनरेटर ठेवत असन."

मला पटलं. मी दुसऱ्या कामाला लागलो.

तो एसटीनं आलापल्लीला गेला, पुढं पायी. झिंगूनं फ्रीज दाखवला. पांढरा, छातीएवढा उंच, विलायती बनावटीचा, दाराला जड कडी. मुखरूनं नेहमीसारखा हलवून बघितला तर तो हलेना, इतका वजनदार. वजन बघून तो आणखी खूश झाला. मागची बाजू भिंतीला होती आणि ट्रक निघायच्या बेतात होता. चार हमालांनी फ्रीज उचलला, पण त्याचे खालचे पाय गंजून वाकले होते, उभा राहीना. तेव्हा हमालांनी त्याला सरळ डोक्यावर उभा केला. वरची बाजू सपाट होती, तीच खाली केली. खाटा, बादल्या आणि तंबूच्या गुंडाळ्या यांच्यामध्ये तो शीर्षासन घालून निघाला.

आष्टीजवळ ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा तुटला. नवा पाटा चंद्रपूरहून येईपर्यंत दोन दिवस गेले. मुखरू ट्रकच्या सावलीत बसून राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी फ्रीज त्याच्या छपराखाली उतरला आणि त्यानं पायांखाली विटा लावून तो सरळ केला. पाठ उघडायची म्हणून मला हाक मारली.

मी गेलो तेव्हा तो फ्रीजच्या मागं उकिडवा बसला होता. हातात पाना होता, पण पाना चालत नव्हता.

"श्रीहरीभाऊ, याची मोटर कुठी गेली?"

मीही वाकून बघितलं. काळं मडकं नव्हतं. जाड काळ्या नळ्या होत्या, एकमेकींत वळत गेलेल्या, मधूनच पत्र्याच्या पाकळ्या असलेल्या. मधोमध एक उभं धुरांडं. आणि तळाशी, जिथं मोटर असायला हवी, तिथं एक टिनाची टाकी आणि तिच्यावर वात. कंदिलाला असते तशी गोल वात, वर काचेऐवजी पत्र्याची नळी.

मुखरूनं माझ्याच एका स्पीकरमधलं चुंबक सुतळीला बांधून ठेवलेलं होतं. ते त्यानं नळीजवळ नेलं. चट्कन चिकटलं. दुसऱ्या नळीला, चिकटलं. पाकळ्यांना, चिकटलं. सगळं लोखंड.

"कोनी काढून घेतली," मी म्हणालो.

"काढली असती तं भोकं दिसली असती," तो म्हणाला. "बोल्ट कुठी बसत होते? जागा कुठी हाये? आनि वायर? या फ्रीजले वायरच नाई श्रीहरीभाऊ. पिन नाई. बटन नाई."

खरंच नव्हतं. मी रेडिओचा माणूस. मला वायर नसलेली वस्तू दाखवली की मी आंधळा. पण लोक मला जाणकार समजायचे म्हणून मी थोडा वेळ मान हलवत उभा राहिलो.

बाजारात बातमी गेली आणि माणसं येऊ लागली. हॉटेलवाला पत्रू म्हणाला, तो दिवा मच्छरांना धूर द्यायला असेल, साहेब लोकांना मच्छर सोसत नाही. दुसरं कोणी म्हणालं की हा फ्रीज नाहीच, ही तिजोरी आहे. तिसऱ्याचं मत पडलं की ही पाव भाजायची भट्टी आहे. मुखरू प्रत्येकाचं ऐकायचा आणि पुन्हा मागं जाऊन बसायचा. त्याला राग आला होता असं नाही. त्याचा चेहरा परक्या गावात एसटीतून उतरलेल्या माणसासारखा झाला होता.

मग तो राग शोधू लागला, कारण राग आला की निदान काहीतरी कळल्यासारखं वाटतं. त्यानं ठरवलं की झिंगूनं मोटर विकली आणि तिच्या जागी कंदील बसवून दिला. हे तो बाजारात दोघाचौघांजवळ बोललाही. "जंगलातला मानूस, पन बनवून देला मले," असं. त्या बोलण्याचं त्याला पुढं फार लागून राहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं छन्नी काढली. मोटर नाही तर नाही, लोखंड तरी निघेल. सगळ्यात जाड नळीवर छन्नी धरून त्यानं एक घाव घातला. नळी भक्कम होती. घावाची खूण उमटली, नळी फुटली नाही. दुसरा घाव घालायला हात वर गेला तेव्हा मनकर्णानं आतून विचारलं, "अवो, तो दिवा जळते का पाह्यलं का?"

"दिवा जळून काय करन?"

"भट्टी असन तं कामाले येईन ना. फोडाले काय, उद्या बी फुटते."

मनकर्णाला पाव भाजायची भट्टी हेच मत पटलं होतं. उद्या बाजाराचा दिवस होता. दोघंही दिवसभर बाहेर असणार आणि संध्याकाळी गार भात खावा लागणार. भट्टीत अन्न ऊन राहिलं तर बरंच. मुखरूनं छन्नी ठेवली. तो नाहीतरी थकला होता.

बाजाराच्या दिवशी सकाळी तिनं टाकी पुसून रॉकेल भरलं, जुनी वात कापून सारखी केली आणि पेटवली. निळसर ज्योत धरली. आत जाळीच्या फळीवर तिनं भाताचं गंज, म्हणजे पातेलं, आणि वांग्याच्या भाजीची कढई ठेवली, कडी लावली आणि दोघं बाजारात गेली.

संध्याकाळी ऊन उतरायच्या सुमाराला मी दुकान आवरत होतो. मनकर्णाची हाक आली. साधी हाक होती, पण त्या हाकेत काहीतरी होतं म्हणून मी हातातलं टाकून गेलो.

फ्रीजचं दार उघडं होतं. मे महिन्याची ती संध्याकाळ, टिनाचं छप्पर, आणि त्या दारातून थंड हवा माझ्या पायांवर येत होती. भाताचं गंज बाहेरून घामेजलं होतं. वरच्या पत्र्याच्या खणावर पांढरा पातळ थर जमला होता. मनकर्णानं बोटानं तो खरडला आणि बोट मुखरूपुढं धरलं. त्यानं बोटाकडं बघितलं, मग खाली जळणाऱ्या ज्योतीकडं, मग पुन्हा बोटाकडं.

"खाली विस्तव," तो म्हणाला, "आनि वर बरफ."

मीही बोटानं थोडा बर्फ खरडून बघितला.

"श्रीहरीभाऊ, सांगा ना जी. तुमी शिकले हा."

"मला नाही कळत मुखरू," मी सांगून टाकलं. त्या दिवशी मला ते सांगायची लाज वाटली नाही.

त्यानं हात ज्योतीजवळ नेला, चटका बसला तसा मागं घेतला, आणि तोच हात आत बर्फावर ठेवला. बराच वेळ ठेवला. मनकर्णानं भात बाहेर काढला. भात इतका गार झाला होता की शितं कडक झाली होती. "खाले बसा आता," ती म्हणाली. "मी चुलीवर गरम करतो."

पुढचे काही दिवस त्याच्या छपराखाली जत्रा होती. लोक तांब्या घेऊन यायचे, आत ठेवायचे, थंड पाणी घेऊन जायचे. पत्रूनं तर आपल्या हॉटेलातून रॉकेल आणून दिलं. सगळे खूश होते आणि मुखरू एकटा हरवल्यासारखा फिरत होता. त्याचं कामावर मन लागेना. समोर जळालेला टेबलफॅन पडलेला असायचा, तो हातोडा उचलायचा आणि खाली ठेवायचा.

मी विचारलं तर म्हणाला, "मी अकरा वर्स चांद्याले, नऊ वर्स इथी, नुसत्या वस्तू फोडून राह्यलो. मले वाटे मले मालूम हाये. आता हा टेबलफॅन पायतो तं वाटते, का मालूम बापा, याच्यात बी कायतरी असन."

"टेबलफॅनमध्ये मोटर आहे मुखरू."

"फ्रीजात बी होती म्हनून आनला होता ना."

आणखी एक गोष्ट त्याला छळत होती. झिंगूनं सांगितलं होतं की फ्रीज मेलेला आहे. मग तो जिवंत कसा झाला? झिंगू खोटं बोलला असेल तर चालू फ्रीज भंगारात कशाला देईल? आणि खरं बोलला असेल तर बाजारात आपण त्याला चोर म्हटलं त्याचं काय? आठवडाभर हे घोकून तो एका सकाळी एसटीत बसला आणि आलापल्लीला गेला. जाताना मनकर्णानं पिशवीत बांधलेला पोह्यांचा डबा झिंगूसाठी घेतला.

तिथलं सगळं त्यानं मला परत आल्यावर सांगितलं. कॅम्प उठला होता, पण झिंगू जवळच्याच आपल्या टोल्यावर, म्हणजे वस्तीवर होता. मुखरूनं आधी माफी मागितली. झिंगूला काय झालं तेच ठाऊक नव्हतं, कारण त्याच्यापर्यंत ती बोलणी पोचलीच नव्हती. तो डबा उघडून खाऊ लागला.

"तुमी मले चोर म्हनले?" त्यानं विचारलं.

"हो जी."

"मंग आता नाई म्हनत ना. झालं."

मुखरूनं फ्रीजचं विचारलं. झिंगूनं सांगितलं, पहिला साहेब होता तेव्हा तो दिव्यावरच चालायचा, बर्फ व्हायचा, साहेब पाहुण्यांना सरबत द्यायचा. पुढं एका पावसाळ्यात बंद पडला. दिवा जळायचा, पण आत गार होत नव्हतं. दोन साहेबांनी खटपट केली. मग चार वर्षं त्यात कांदे ठेवले.

"पन माह्याकडे आल्यावर तं चालून राह्यला."

झिंगूनं बोटं चाटली. "तुमी त्याले उलटा नेला."

"मंग?"

"लेकरू जन्मले आनि रडत नसन तं सुईन काय करते? पाय धरून उलटं करते. पाठीवर चापट मारते. मंग रडते."

मुखरूनं हे मला सांगितलं तेव्हा तो हसत नव्हता. "माह्याजवळ दुसरं उत्तर नाई," तो म्हणाला. "तुमच्याजवळ हाये का?"

जूनच्या सुरवातीला आशाबाई आल्या. त्या वैरागडच्या पलीकडं जंगलातल्या कोसमटोल्याच्या उपकेंद्रावर नर्स होत्या. पस्तिशीच्या, शिडशिडीत, सायकलवर फिरणाऱ्या. त्यांच्या हाताखाली नऊ टोले होते आणि त्यातल्या एकातही वीज नव्हती. लहान मुलांच्या लसी त्यांना थर्मासमध्ये बर्फ घालून न्याव्या लागत. आरमोरीहून निघताना बर्फ असायचा, पोचेपर्यंत पाणी. कधी नाल्याला पूर आला आणि एक दिवस अडकलं की सगळ्या कुप्या फेकून द्यायच्या. ज्या दिवशी लस फेकली त्या दिवशी आया लेकरं घेऊन परत जायच्या, आणि एकदा परत गेलेल्या आया पुन्हा लवकर येत नसत.

त्यांनी छपराखाली येऊन दिवा बघितला, दार उघडलं, हात घातला. मग पिशवीतून थर्मामीटर काढून आत ठेवलं.

"मुखरूभाऊ, हे विकायचं आहे का?"

"बाई, मले मालूमच नाई हे काय हाये," मुखरू म्हणाला. "मालूम नाई ते कसं विकू?"

आशाबाई त्या वेळी कामासाठी आरमोरीत मुक्कामाला होत्या, आठ दिवस रोज सकाळी येऊन थर्मामीटर बघून गेल्या. वात वर केली की आत जास्त गार व्हायचं, खाली केली की कमी. कुठं ठेवली म्हणजे लसीला चालेल ते त्यांनी शोधून काढलं आणि वातीच्या चावीवर मनकर्णाच्या कुंकवानं खूण केली. मग त्या आपल्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना घेऊन आल्या.

डॉक्टर तरुण होता, चष्मेवाला. फ्रीजच्या मागं गेला आणि छन्नीच्या घावापाशी थांबला.

"हे कोणी केलं?"

"मीच," मुखरू म्हणाला.

"आणखी एक घाव घातला असता तर डोळे गेले असते तुमचे. यात अमोनिया आहे. दाबानं भरलेला. छातीत गेला असता तर इथंच पडला असता."

मुखरूनं मनकर्णाकडं बघितलं. ती पदर खोचून आत चहा करायला गेली.

डॉक्टरनं मग माझ्या दुकानातून कागद मागून घेतला आणि चित्र काढून समजावलं. दिव्यानं पाण्यातला अमोनिया तापतो, वर जातो, गार होऊन द्रव होतो, आत पसरताना उष्णता ओढून घेतो, पुन्हा पाण्यात मिसळतो. बाण काढले, नळ्या काढल्या. मुखरू एकेका बाणावर बोट ठेवून ऐकत होता. शेवटी त्यानं विचारलं, "आनि उलटा केल्यावर जिता कसा झाला?"

डॉक्टरनं पेन बंद केलं. "आत कुठंतरी काही अडकलं असेल. उलटल्यावर सुटलं असेल. तसं करतात म्हणतात. मला नक्की माहीत नाही."

"समजलं," मुखरू म्हणाला.

डॉक्टर रस्त्यावर गेल्यावर तो माझ्याजवळ आला. "नाई समजलं. झिंगूचं समजलं होतं."

फ्रीज द्यायचं ठरलं, पण कसं ते ठरेना. सरकारी उपकेंद्रात भंगारवाल्याकडून वस्तू घ्यायची तर कागद लागतो, आणि कागदावर ही वस्तू भंगारात निघालेली. डॉक्टर म्हणाला, मी तोंडी हो म्हणतो, वरचं वर बघू. मुखरू एकदा फ्रीजभोवती फिरला.

"घेऊन जा बाई," तो म्हणाला. "माह्या धंद्याचं याच्यात कायच नाई. चुंबक तेवढं चिकटते."

कोसमटोल्याहून दोन बैलबंड्या आल्या. एका बंडीत फ्रीज बसला, भाताच्या तणसाच्या गादीवर, सरळ उभा. मुखरू सोबत चालत गेला. कारण सारखी जागा बघून बसवायला हवा आणि ते आपल्यालाच जमेल असं त्याला वाटत होतं. उपकेंद्राची जमीन शेणानं सारवलेली, उंचसखल. त्यानं परातीत पाणी घेऊन जमीन तपासली आणि फरशीचे तुकडे लावून फ्रीज बसवला. दिवा पेटवून तो रात्रभर तिथंच राहिला आणि सकाळी बर्फ बघूनच निघाला.

पुढच्या पंधरवड्यात आशाबाईंनी पहिल्यांदा पावसात सलग चार दिवस लस दिली. एकही कुपी फेकली नाही. हे सांगायला त्या मुद्दाम वाट वाकडी करून सायकलवर आमच्याकडे आल्या. मुखरूनं ऐकलं आणि विचारलं, "वात कुठी हाये? कुंकवावरच ना?"

पण त्याचा स्वतःचा धंदा त्या पावसाळ्यात बसला. त्याला वस्तू फोडवेना. आलेली प्रत्येक वस्तू तो आधी चालवून बघायचा, उलटी करून ठेवायचा, चार दिवसांनी सरळ करायचा. माझ्याकडून गेलेले रेडिओ पुन्हा माझ्याकडे येऊ लागले. "यकदा पाहा ना जी." छपराखाली डोक्यावर उभे पंखे, डोक्यावर उभे स्टॅबिलायझर. मनकर्णा एक दिवस त्या गर्दीतून वाट काढत माझ्याकडे आली.

"श्रीहरीभाऊ, ह्यायले समजावून सांगा. मेलेलं बी असते काई काई."

मी दुपारी त्याच्याकडे गेलो. आम्ही दोघं एकेक वस्तू घेऊन बसलो. जिचं वाइंडिंग जळलं आहे ती मी मीटर लावून दाखवायचो, काटा हलत नाही ते त्याला बघू द्यायचो आणि मगच तो हातोडा घ्यायचा. जिच्यात जीव आहे ती मी दुरुस्त करून विकायचो आणि अर्धं त्याला. असं ते पुढं कायमचं झालं. सांगायचं तर माझं दुकान त्यामुळेच तगलं, कारण रेडिओ कमी होत चालले होते आणि टीव्हीचं मला नीट येत नव्हतं.

फ्रीज तीन वर्षं चालला. मध्ये दोनदा बंद पडला आणि दोन्ही वेळा आशाबाईंचा निरोप आला. मुखरू जायचा, चार माणसांकडून त्याला डोक्यावर उभा करायचा, एक दिवस ठेवायचा, सरळ करून एक दिवस थांबायचा आणि दिवा पेटवायचा. दोन्ही वेळा चालू झाला. मग त्याचं नाव झालं. गडचिरोलीकडच्या एका बंगल्यात तसलाच फ्रीज होता, तिथूनही बोलावणं आलं. तो गेला, तसंच सगळं केलं, तीन दिवस बसला, आणि तो फ्रीज काही गार झाला नाही. घरी आला तेव्हा पुन्हा तोच चेहरा.

"तोच दिवा, त्याच नळ्या," तो म्हणाला. "यक चालते, यक नाई. काऊन?"

एकोणनव्वदला कोसमटोल्यात तारा आल्या आणि उपकेंद्राला विजेचा नवा फ्रीज मिळाला. वीज वारंवार जायची म्हणून जुनाही दोन-तीन महिने ठेवला होता. मग पावसाळ्यात तो बंद पडला आणि उलटा करूनही चालू झाला नाही. मुखरूनं तीनदा केला. आशाबाईंनी त्याला चहा दिला आणि म्हणाल्या, "राहू द्या आता मुखरूभाऊ."

बैलबंडीतून तो परत आमच्या छपराखाली आला. लोखंडाचा एवढा मोठा नग, पण मुखरूनं त्याला हात लावला नाही. नागपूरचा एक भंगारवाला येऊन मागून गेला, त्यालाही दिला नाही. कुणी अजाण माणूस छन्नी घालेल याची त्याला धास्ती होती. शेवटी त्यानं मला रंगाचा डबा आणि ब्रश आणून दिला. त्याची पाटी कच्ची राहिली होती, त्याला अक्षर माझंच हवं होतं.

"मांगच्या बाजूनं लिवा. 'फोडू नका.'"

मी लिहिलं. "खाली कारण लिहू? आत विषारी वायू आहे म्हणून?"

"ते लिवा." तो बघत राहिला. मी लिहून झाल्यावर ब्रश पुसू लागलो तेव्हा म्हणाला, "बाकीचं नका लिवू. बाकीचं आपल्याले मालूम नाई."

तो फ्रीज अजून तिथं आहे. मुखरू गेल्याला सहा वर्षं झाली. मनकर्णा त्यात सरपण ठेवते.